मनोरा रचताना : शालेय प्रात्यक्षिके आणि मुलांची सुरक्षितता

मराठवाड्याच्या पूर्व टोकाला, तेलंगणाच्या सीमेस लागून असलेल्या बिलोली तालुक्यात ध्वजवंदनाचे प्रसंग वर्षातून चार वेळा येतात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट यांच्या जोडीला येथे १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही तितक्याच उत्साहाने साजरा होतो. १९४८ साली याच दिवशी निजामी राजवट संपुष्टात आली. या दिवसांपैकी शाळा भरलेल्या असतात तेव्हा पटांगणावर ध्वजवंदन होते, कवायत होते, लेझमीचा डाव होतो आणि शेवटी बहुधा मानवी मनोरा उभा राहतो. मोठी मुले खाली, त्यांच्या खांद्यांवर वा पाठीवर मधली मुले आणि सर्वांत वर हातात तिरंगा घेतलेले एखादे चिमुरडे मूल. पालक टाळ्या वाजवितात, पाहुणे बक्षीस जाहीर करतात आणि मनोरा उतरतो. हा सारा खेळ दोन मिनिटांत आटोपतो.

या दोन मिनिटांमागे किती दिवसांची तयारी आहे, तळाशी असलेल्या मुलाच्या पाठीवर किती भार पडतो आणि वरचे मूल निसटलेच तर त्याला झेलण्यास कोण उभे आहे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ते विचारणे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांचे काम आहे. बिलोलीहून नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साठ किलोमीटरांहून अधिक दूर आहे. डोक्याला वा मानेला मार लागलेल्या मुलाच्या दृष्टीने हे अंतर फार मोठे आहे.

अमेरिकेचा अनुभव

सांघिक खेळाच्या मैदानाबाहेर उभे राहून आपल्या संघाला प्रोत्साहन देणारी चिअरलीडिंगची पथके आपल्याकडे २००८ सालापासून क्रिकेटच्या आय.पी.एल. सामन्यांमुळे परिचित झाली. आपल्याला दिसते ते केवळ नृत्य होय. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत मात्र या प्रकाराला कसरतींचे रूप आले आहे. मुली एकमेकींच्या खांद्यांवर उभ्या राहतात, एकीला हवेत उंच फेकून झेलले जाते, मनोरे रचले जातात.

या खेळातील अपघातांच्या नोंदी तेथे अनेक वर्षे ठेवण्यात आल्या असून त्यांतून एक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आली. इजांची एकूण संख्या पाहिली तर चिअरलीडिंग हा इतर अनेक खेळांपेक्षा कमी धोक्याचा ठरतो. परंतु मेंदू, मज्जारज्जू यांना कायमची हानी करणाऱ्या वा प्राणावर बेतणाऱ्या इजांचाच विचार केला, तर १९८२ नंतरच्या सुमारे पाव शतकात माध्यमिक शाळांतील मुलींना खेळताना झालेल्या अशा इजांपैकी सुमारे दोन-तृतीयांश एकट्या या खेळातील होत्या. अपघात क्वचित होतो, पण झाला की गंभीर होतो, असे या कसरतींचे स्वरूप आहे. “आमच्या शाळेत इतक्या वर्षांत कोणाला काही झाले नाही” हे विधान म्हणूनच फारसा दिलासा देणारे नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ साली याविषयी शिफारसी केल्या. मनोऱ्यात दोन व्यक्तींहून अधिक उंची असू नये, कठीण वा ओल्या जमिनीवर कसरती करू नयेत, प्रशिक्षकाला कसरतींचे आणि झेलणाऱ्यांच्या कामाचे रीतसर शिक्षण मिळालेले असावे, आणि डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलीला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये, हा त्यांचा आशय होय. यांतील एकाही शिफारशीला मोठा खर्च लागत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जपानमधील शाळा

आपल्या शाळांशी अधिक जुळणारे उदाहरण जपानचे आहे. तेथील शाळांच्या वार्षिक क्रीडामहोत्सवात सांघिक मनोरे रचण्याची जुनी प्रथा आहे. शिस्त, एकजूट आणि परस्परविश्वास अंगी बाणतो म्हणून शिक्षकांना ती प्रिय होती आणि पालकांनाही. शाळाशाळांत चढाओढ लागली, थर वाढत गेले. शालेय अपघातांत दिल्या जाणाऱ्या मदतीच्या नोंदी तपासल्या असता या प्रकारात वर्षाला आठ हजारांहून अधिक मुले जखमी होत असल्याचे दिसून आले. २०१५ च्या सप्टेंबरात ओसाका प्रांतातील याओ या शहरात एका शाळेच्या महोत्सवात दहा थरांचा मनोरा पालकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. विद्यार्थी जखमी झाले, एकाचा हात मोडला. पुढच्या वर्षी तेथील राष्ट्रीय क्रीडा विभागाने सर्व शाळांना सावधगिरीच्या सूचना पाठविल्या, तर ओसाका महानगराने आपल्या शाळांत असे मनोरे रचणेच बंद केले.

याओ येथील मनोरा बेशिस्त मुलांनी रचलेला नव्हता. तो शाळेने, शिक्षकांच्या देखरेखीखाली रचलेला होता. शिस्त कितीही कडक असली तरी भाराचे गणित बदलत नाही.

भाराचे गणित

हे गणित सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल असे सोपे आहे. मुले हात व गुडघे टेकून ओणवी होतात आणि त्यांच्या पाठींवर वरचा थर बसतो, असा मनोरा घेऊ. वरचे प्रत्येक मूल खालच्या दोघांवर आपला भार सारखा वाटून देते असे मानू आणि प्रत्येक मुलाचे वजन ३० किलो धरू. तीन थरांच्या मनोऱ्यात तळाच्या मधल्या मुलावर दीड मुलाचा, म्हणजे ४५ किलोंचा भार येतो. चार थर केले की तळाच्या मधल्या दोघांपैकी प्रत्येकावर सुमारे ६४ किलो येतात. पाच थरांना मधल्या मुलाच्या पाठीवर सुमारे ९४ किलो पडतात. हा भार त्याच्या तिपटीहून अधिक आहे, आणि तो वाढत्या वयाच्या पाठीच्या कण्यावर, मनगटांवर व गुडघ्यांवर पडतो. कडेच्या मुलावर मात्र त्याच वेळी जेमतेम २८ किलो असतात. कडेचा विद्यार्थी हसत उभा राहतो म्हणून मधलाही सुखात आहे, असे समजण्यात चूक होते ती येथे. प्रत्यक्षात भार असा सारखा वाटलाही जात नाही. एक जण जरा हलला की त्याच्या वाट्याचे ओझे शेजाऱ्यावर जाते.

उभ्या मनोऱ्याचे गणित वेगळे. खाली सहा, मध्ये तीन आणि वर एक अशी मुले खांद्यांवर उभी राहिली, तर तळाच्या प्रत्येकावर २० किलोच येतात. येथे धोका उंचीचा असतो. बारा वर्षांच्या मुलाचा खांदा जमिनीपासून साधारण एक मीटर १५ सेंटिमीटरांवर असतो. म्हणजे तिसऱ्या थरावरील मुलाचे पाय दोन मीटर ३० सेंटिमीटरांवर आणि डोके त्याच्याही बरेच वर. तेथून निसटलेले मूल सुमारे दोन-तृतीयांश सेकंदात जमिनीवर येते आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे जोराने पिटाळलेल्या सायकलीइतका असतो.

झेलणाऱ्याच्या कामाचा विचार या दोन-तृतीयांश सेकंदाच्या हिशोबाने करावा लागतो. मूल निसटले हे डोळ्यांना दिसून हात हलण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. उरलेल्या वेळेत एखादे पाऊलच टाकता येते. खुर्चीवर बसलेला किंवा ध्वनिक्षेपकापाशी उभा असलेला शिक्षक मुलाला वाचवू शकणार नाही. जो आधीपासून मनोऱ्याला लागून, हात वर करून आणि नजर वरच्या मुलावर ठेवून उभा आहे, तोच उपयोगी पडतो. झेलणारे मूल नसावे, प्रौढ माणूस असावा. सावरण्याच्या प्रयत्नात झेलणाऱ्यालाही इजा होते, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

दहीहंडी आणि कायदा

महाराष्ट्रात मनोरा म्हटले की गोविंदा आठवतो. मुंबई-ठाण्याच्या पथकांनी ही कला कोठवर नेली, हे २०१२ साली ठाण्यात जय जवान गोविंदा पथकाने रचलेल्या नऊ थरांवरून, १३.३४ मीटर उंचीच्या जागतिक विक्रमावरून दिसते. पथके महिनोन्‌महिने सराव करतात. तळाला दाटीवाटीने उभा असलेला माणसांचा गराडा आधार देतो आणि कोसळणाऱ्यांना झेलतोही. स्पेनमधील कॅटालोनिया प्रांतात असेच मनोरे रचले जातात. त्यांना २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तेथेही तळाला शेकडो माणसांची गर्दी हीच गादी असते. तरीसुद्धा २००६ साली तेथे एका बारा वर्षांच्या मुलीचा पडून मृत्यू झाला आणि त्यानंतर वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर खास बनविलेले मऊ शिरस्त्राण आले. शाळेच्या मनोऱ्याभोवती असा गराडा नसतो. प्रेक्षकांना प्रात्यक्षिक नीट दिसावे म्हणून भोवतालची जागा मुद्दाम मोकळी ठेवली जाते. तीन थरांचा शालेय मनोरा या एका बाबतीत सात थरांच्या हंडीहूनही उघडा असतो.

दहीहंडीच्या बाबतीत न्यायालयांना लक्ष घालावे लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंचीची मर्यादा २० फूट ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा उच्च न्यायालयात आले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ दिले जाणार नाही, हे राज्य शासनाचे निवेदन न्यायालयाने स्वीकारले. उंचीची मर्यादा त्या वेळी राहिली नाही. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि नंतरच्या वर्षांत गोविंदांच्या विम्याचीही व्यवस्था केली. इतके होऊनही २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी एकट्या मुंबईत उत्सवात जखमी झालेल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

हंडीसाठी ज्या वयाच्या मुलाला शासनाने नको म्हटले, त्याच वयाची मुले शाळेच्या पटांगणावर मनोऱ्याच्या टोकाला असतात. शाळेचा मनोरा म्हणजे हंडी नव्हे, हे खरे. परंतु चौथीतल्या मुलाच्या हाडांना हा फरक कळत नाही.

जमीन, सराव आणि उतरणे

बिलोली परिसरातील बरीच जमीन काळी आहे. १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर हे दोन्ही दिवस पावसाळ्यातले. ओली काळी माती तळाच्या मुलांच्या पायांखालून सरकते आणि वर चढणाऱ्याच्या तळव्यांना चिकटलेला चिखल खालच्याच्या खांद्यावर निसरडा थर देतो. २६ जानेवारीपर्यंत तीच माती वाळून, भेगाळून दगडासारखी होते. शाळेपुढचे अंगण फरसबंद वा काँक्रीटचे असेल तर तेथे मनोरा रचूच नये. सतरंजी किंवा ताडपत्री अंथरल्याने कपडे मळत नाहीत इतकेच. तिला गादी समजू नये. व्यायामशाळेतील जाड गाद्या असतील तर उत्तम. नसतील तर बिलोलीला एक उपाय हाताशी आहे. मांजरेची रेती मालमोटारींनी दूरदूर जाते. तिच्यातील दोन-तीन ब्रास रीतसर परवान्याने ग्रामपंचायतीने शाळेच्या पटांगणात टाकल्यास बिघडणार नाही. तळाच्या मुलांचे पाय घट्ट, कोरड्या जमिनीवर ठेवून मागे-पुढे खणून मोकळ्या केलेल्या रेतीचा हातभर खोलीचा पट्टा असावा. रेती पावसाने दबते, म्हणून दर सरावापूर्वी ती फावड्याने उलथून खडे-काचा वेचाव्या लागतात.

सरावाबाबत सर्वांत मोठी चूक वेळेची होते. प्रात्यक्षिकाची यादी आठ दिवस आधी ठरते आणि मुलांना थेट खांद्यांवर चढविले जाते. महाराष्ट्रातील व्यायामाच्या परंपरेत असे कधी नव्हते. अमरावतीच्या १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आले. आखाड्यात शिकणाऱ्याला मल्लखांबाची अवघड पकड पहिल्या दिवशी कोणी देत नसे. आधी दंड-बैठका, मग साध्या उड्या, मग पडावे कसे याचे शिक्षण असा तो क्रम असे. खुद्द बिलोली तालुक्यात सगरोळीला संस्कृती संवर्धन मंडळासारखी सैनिकी विद्यालय चालविणारी संस्था आहे. स्वतंत्र क्रीडाशिक्षक नसलेल्या प्राथमिक शाळांनी आपल्या एका शिक्षकाला जवळपासच्या जाणत्या क्रीडाशिक्षकाकडे काही दिवस पाठविले, तर त्यातून पुष्कळ साधेल.

सरावाला निदान सहा आठवडे हवेत. पहिले दोन आठवडे पाठ, खांदे व पाय बळकट करण्याचे व्यायाम आणि जमिनीवरची कोलांटी. पुढे केवळ दोन थर. तोच संघ, त्याच जागा, दररोज. मुलांची निवड इयत्तेवरून न करता वजन-उंची पाहून करावी. आदल्या दिवशी तापाने पडलेल्या मुलाच्या जागी ऐनवेळी दुसऱ्याला उभे करणे हे अपघाताला आमंत्रण होय. अशा वेळी मनोरा एका थराने कमी करावा किंवा कार्यक्रमातून काढून टाकावा. शाळेत दोनपेक्षा अधिक थर नकोत. फार तर तिसऱ्या जागी एक हलके मूल खालच्यांच्या मांड्यांवर उभे राहील इतकीच उंची असावी, खांद्यांवर नव्हे. ज्याला भीती वाटते त्या मुलाला “घाबरतोस काय” म्हणून वर पाठवू नये. भ्यालेले मूल अंग ताठ करते आणि तोल जातो.

मनोरा चढताना सर्वांचे लक्ष असते. उतरताना टाळ्या सुरू झालेल्या असतात, तळाची मुले थकलेली असतात आणि वरच्यांना खाली येण्याची घाई असते. पुष्कळ मनोरे कोसळतात ते याच वेळी. उतरण्याचा क्रम चढण्याच्या क्रमाइतकाच पाठ करून घ्यावा. वरचा पूर्ण उतरून बाजूला झाल्याशिवाय मधल्याने हलू नये, शिट्टी एकाच शिक्षकाच्या हाती असावी, आणि “पुरे” असा शब्द कोणत्याही मुलाने उच्चारताच रचना थांबवावी. पाहुण्यांच्या भाषणासाठी किंवा छायाचित्रासाठी मनोरा उभा ठेवण्याची पद्धत तर तत्काळ बंद व्हावी.

इजा झाल्यास

पडणारे मूल हात पुढे करते. म्हणून मनगट, कोपर व गळ्याजवळचे हाड मोडण्याचे प्रमाण अधिक. खेड्यात अशा वेळी हात चोळून, ओढून बांबूच्या कामट्यांनी घट्ट आवळण्याची रीत अजून आहे. कोपराजवळचे हाड मोडले असता घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा थांबून हात कायमचा वाकडा व निकामी होऊ शकतो. हात आहे त्या स्थितीत झोळीत आधारून डॉक्टरांकडे न्यावा. बोटे गार, पांढरी वा निळसर पडत असतील तर क्षणाचाही विलंब नको.

डोके, मान वा पाठीवर पडलेल्या मुलाला हातपाय धरून उचलून सावलीत नेणे हे सर्वांत घातक आहे. त्याला पडल्या जागी ठेवावे, एकाने डोके दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावे, पाणी पाजू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उलटी होऊ लागली तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून मुलाला एकदम कुशीवर वळवावे. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, कानानाकातून रक्त वा पाणी, झटके किंवा दोन बाहुल्यांचा आकार वेगवेगळा दिसणे ही मेंदूला मार लागल्याची चिन्हे होत. मूल उठून चालू लागले तरी त्या दिवशी त्याला घरी एकटे पाठवू नये. बिलोलीसारख्या भागात अनेक पालक दिवसभर शेतात वा मजुरीवर असतात. रात्री कोणत्या खुणांवर लक्ष ठेवायचे, हे शिक्षकाने स्वतः घरी जाऊन सांगावे.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधी कळविलेले असावे आणि गाडी शाळेच्या फाटकापर्यंत येण्याचा रस्ता मंडपाच्या दोऱ्यांनी अडलेला नसावा.

इयत्ता पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२२ साली तिच्यातील मदतीच्या रकमा वाढविण्यात आल्या आणि अपघाती मृत्यूसाठी दीड लाख रुपये ठरविण्यात आले. कायमच्या अपंगत्वासाठीही तिच्यात तरतूद आहे. गोविंदा पथकांच्या विम्याशी शाळेच्या मनोऱ्याचा संबंध नाही. प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे जातो. अपघाताची वेळ, उपस्थित शिक्षक आणि रुग्णालयाचे कागद त्याच दिवशी नोंदवून ठेवलेले नसतील तर पालकांची फरफट होते. यासाठी सरावाच्या पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी. कोणती मुले, किती वजनाची, कोणत्या जागी, झेलण्यास कोण होते, आणि कोणाला बारीकसे तरी काही लागले का, हे तिच्यात रोज लिहावे. २६ जानेवारीच्या प्रात्यक्षिकाची ही वही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडली गेली पाहिजे. त्या तारखेला ती कोरी असेल तर त्या वर्षी शाळेने लेझीम घ्यावी.